शब्दामागे पैसे देऊन फ्रीलान्सरांकडून लेख लिहून घ्यावेत का?

शेतीविषयक संकेतस्थळासाठी महिन्याला ४० मराठी लेख ऑनलाइन काम करणाऱ्या अनोळखी फ्रीलान्सरांकडून लिहून घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. अशाच एका संकेतस्थळाचे संपादन मी तीन वर्षे केले आणि आम्हीही लेख याच पद्धतीने घेत होतो. त्यावरून सांगतो, की जरूर घ्यावेत, मात्र माहिती आपण स्वतः पुरवणार असाल तरच.

आमचा दर शब्दामागे ४० पैसे होता, म्हणजे हजार शब्दांच्या लेखाचे ४०० रुपये. एवढ्या पैशांत कोणी कृषी विज्ञान केंद्रात फोन लावून खातरजमा करणार नाही आणि तशी अपेक्षा ठेवणेही बरे नव्हे. लिहिणारा गूगलवर सर्वांत वर दिसणारी चार-पाच पाने उघडतो आणि तोच मजकूर आपल्या शब्दांत उतरवतो. कांद्याच्या साठवणुकीवर आम्ही एकदा तिघांकडून स्वतंत्र लेख मागवले होते. एकाची चूक दुसऱ्याच्या लेखावरून सापडेल, असा माझा हिशोब होता. तिन्ही लेखांत ‘कांदा चाळीत पाच-सहा महिने टिकतो’ हे वाक्य जवळपास जसेच्या तसे आले आणि एकाने तर ते खरिपाच्या लाल कांद्याच्या परिच्छेदातच घातले. वास्तविक लाल कांदा काढला की लवकरात लवकर बाजारात न्यावा लागतो. चाळीत टिकतो तो रब्बीचा, म्हणजे उन्हाळी कांदा. चौकशी केल्यावर कळले की तिघांनीही एकच इंग्रजी पान वाचले होते आणि त्या पानावर हंगामाचा उल्लेखच नव्हता. मी नाशिककडचा नसतो, तर ते वाक्य माझ्याही नजरेतून सुटले असते.

आपण ‘गर्दीकडून’, म्हणजे अनेक अनोळखी लोकांकडून, काम करून घेण्याचा मुद्दा मांडला आहे, तेव्हा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील अनिकेत किट्टूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘क्राउडफोर्ज’ या पद्धतीने ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या छोटी कामे ऑनलाइन वाटणाऱ्या संकेतस्थळावरील कामगारांकडून न्यूयॉर्क शहरावर लेख लिहून घेतले. एकाने मुद्द्यांचा आराखडा करायचा, इतरांनी प्रत्येक मुद्द्यासाठी एकेक तथ्य शोधायचे आणि त्या तथ्यांवरून परिच्छेद मात्र आणखी कोणी लिहायचा, अशी वाटणी होती. एकेकट्याने लिहिलेल्या लेखांपेक्षा हे लेख वाचकांना सरस वाटले. तथ्ये गोळा करणे आणि लिहिणे ही दोन कामे वेगळी काढता येतात, एवढे मी त्यातून उचलले. फक्त पहिले काम मी गर्दीवर सोपवले नाही. प्रत्येक लेखासोबत मी एक पानाचे टिपण देऊ लागलो. त्यात कांद्याच्या जातींबद्दल ‘बसवंत ७८० खरिपासाठी, एन-२-४-१ रब्बीसाठी, साठवणुकीच्या लेखात फक्त दुसरा घ्यावा’ इतक्या बारकाईने लिहिलेले असे आणि टिपणात नसलेला आकडा लेखात आला, तर तो कोठून घेतला हे विचारले जाई. टिपण करायला तास-दीड तास लागतो, ही तक्रार खरी आहे. परंतु पूर्वी तेवढाच वेळ लेख दुरुस्त करण्यात जात असे आणि तरी शंका उरत असे.

महिन्याला ४० हा आकडा मला जास्त वाटतो. शोधयंत्रासाठी स्वस्तात ढिगाने लेख पाडणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळांना गूगलने शोधनिकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलाने २०११ मध्येच फटका बसला होता. दहा लेख घ्यावेत आणि दर दुप्पट-तिप्पट करावा. चांगले लिहिणारे तेव्हाच टिकतात.

आणखी एक बाब, जिच्याकडे आम्हीही उशिरा पाहिले. लिहिणारा आपला नोकर नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, लेखाचा पहिला मालक तोच असतो. पैसे चुकते केले म्हणून हक्क आपोआप आपल्याकडे येत नाहीत. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि त्याच्या सहीने व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते हक्क मिळतात. आपले वाचक परदेशातही असतील, तर पहिला लेख मागवण्यापूर्वीच या दोन्ही गोष्टी करारात घालून घ्याव्यात.