रोज सकाळी चावून खाल्लेली काळी मिरी आणि चालू असलेल्या गोळ्या: जमतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. रोज रिकाम्या पोटी पाच मिरे चावून खाणं चांगलं का? वडिलांना रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे, त्यांनी हळद आणि पायपरीनच्या (मिरीला तिखटपणा देणाऱ्या द्रव्याच्या) कॅप्सूल मागवल्यात, त्या चालतील का? आणि दोन वर्षांच्या मुलीला खोकल्यावर मधातून मिरपूड द्यावी का?

घाईचं उत्तर आधी देते. कॅप्सूलची बाटली उघडू नका. उघडली असेल तर वडिलांच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी) कधी करायची ते विचारा. बाकीचं सावकाश वाचा.

मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे मिरीशी ओळख जरा वेगळ्या बाजूने आहे. विद्यार्थ्यांना पायपरीन वेगळं काढायचा प्रयोग असायचा. मिरपूड अल्कोहोलमध्ये उकळायची, गाळून अर्क आटवायचा, त्यात अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पोटॅश घालायचं आणि झाकून ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी तळाला फिकट पिवळ्या सुया दिसायच्या. कितीही बजावलं तरी दरवर्षी कोणीतरी एखादी सुई जिभेवर ठेवायचाच. आधी काहीच लागत नाही. "मॅडम, हे तर बेचव आहे," म्हणून आणखी थोडं घेतो, आणि मग नळाकडे धावतो. पायपरीन पाण्यात जेमतेम विरघळतं, एका लीटरला साधारण ४० मिलिग्रॅम, म्हणून लाळेत उतरायला वेळ लागतो. उतरलं की मात्र उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंची तीच कळ दाबतं, जी मिरचीतलं कॅप्सेसिन दाबतं. हे पायपरीन १८१९ साली पहिल्यांदा वेगळं काढलं डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी. विजेचा प्रवाह होकायंत्राची सुई हलवतो हे पुढच्याच वर्षी दाखवणारे तेच.

मिरीत पायपरीन ढोबळमानाने पाच ते नऊ टक्के असतं. वास मात्र त्याचा नसतो. तो उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. म्हणून काढा खळखळ उकळला की घरभर सुगंध पसरतो आणि पेल्यात कमी उरतो. मिरपूड शेवटी टाकून झाकण ठेवावं.

आता गुण. तोंडाला पाणी सुटतं, नाक वाहतं, भूक चाळवते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. आयुर्वेदात मरिच, म्हणजे मिरी, दीपन (भूक चेतवणारं) आणि कफनाशक मानलं जातं, आणि पित्त वाढवणारंही. हा दुसरा भाग सांगणारे कमी भेटतात. खोकल्यात मिरी घशाला ऊब देते, चिकट कफ सुटल्यासारखा वाटतो. तेवढं खरं. पण ती संसर्ग बरा करते असं म्हणायला माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. वजन उतरण्याचे दावेही बहुतेक उंदरांच्या जिवावर उभे आहेत. ते सोडून द्या.

मला मिरीचा जो गुण सगळ्यात मोठा वाटतो तो या यादीत नसतोच. मिरी दुसऱ्या औषधांच्या वाटेत हात घालते. आपण गिळलेलं बरंचसं औषध रक्तात पोचण्याआधीच आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात मोडलं जातं. काही रेणू तर आतड्यात शिरल्याशिरल्या परत बाहेर ढकलले जातात. डॉक्टर गोळीची मात्रा ठरवतात ती ही गळती धरून. औषध मोडणाऱ्या काही एन्झाइमांना आणि त्या बाहेर ढकलणाऱ्या पंपाला पायपरीन आवर घालतं. गळती कमी झाली की त्याच गोळीतून जास्त औषध रक्तात येतं.

हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरी येते ती याचसाठी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या एका अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत (हळदीतलं मुख्य पिवळं द्रव्य) २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर माणसांच्या शरीरात पोचलेलं कर्क्युमिन सुमारे वीस पट वाढलं. हा आकडा आज प्रत्येक बाटलीची जाहिरात करतो. याच गुणाचा शहाणा उपयोगही झालाय. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवून सोबत १० मिलिग्रॅम पायपरीन घातलेली कॅप्सूल जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून भारतात आली. पण तिथे मात्रा मोजूनमापून कमी केली होती. तुमच्या वडिलांच्या गोळीची मात्रा कोणी कमी केलीय?

वॉर्फरिनचं रस्ता अरुंद असतो तसं आहे. थोडं कमी पडलं तर गुठळी, थोडं जास्त झालं तर रक्तस्राव. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद दिली होती. वॉर्फरिन चालू असताना हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर दहाच्या वर गेला. बहुतेक रुग्णांत तो दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात, म्हणजे हे किती भयंकर आहे ते लक्षात येईल. शिवाय यकृताचा प्रश्न वेगळाच. अमेरिकेत हळदीमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तिघांच्या उत्पादनांत पायपरीन सापडलं, आणि दहापैकी एक रुग्ण दगावला. दोष मुळात हळदीचा धरला तरी शोषण वाढवून मिरीने त्यात हातभार लावला असेल, ही शंका रास्तच आहे.

"पण मिरी तर आपण जेवणात खातोच की," असं वडील म्हणतील. माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं होतं, बाटली पाठीमागे धरून. मी ती हिसकावून घेतली नाही. भिंग आणून दिलं आणि लेबल मोठ्याने वाचायला सांगितलं. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत, पायपरीन ९५ टक्के. म्हणजे ती मिरी नव्हतीच. माझ्या विद्यार्थ्यांनी बशीत जमवलेल्या त्या पिवळ्या सुया होत्या.

आता तुमचे पाच मिरे. एक दाणा साधारण ५० मिलिग्रॅमचा धरला तर पाचांत साधारण बारा ते बावीस मिलिग्रॅम पायपरीन होतं. म्हणजे आकड्यात हे कॅप्सूलच्या फार मागे नाही. दाण्यातलं सगळं सुटून येत नाही आणि जेवणात ते पसरतं, हा फरक खरा. पण रिकाम्या पोटी चावून खाऊन लगेच गोळी घेतली तर तो फरकही पुसट होतो. फेनिटॉइन या फिटांवरच्या औषधाचा एक अभ्यास आहे, त्यात निरोगी माणसांना साधं सूप आणि ग्रॅमभर मिरपूड घातलेलं सूप दिलं होतं. मिरीवाल्या सुपानंतर रक्तात औषध जास्त सापडलं. वीस मिलिग्रॅम पायपरीनने रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलचं आणि दम्यावरच्या थिओफायलिनचंही तसंच झालेलं नोंदलंय. म्हणून फिटांची, रक्त पातळ करण्याची, प्रत्यारोपणानंतरची किंवा दम्यासाठी थिओफायलिनची गोळी चालू असेल तर मिऱ्यांचा रोजचा नेम विचारल्याशिवाय धरू नये. आणि आधीपासून नेम असेल तर तो एकदम तोडूही नये. मात्रा त्या नेमासकट बसलेली असते. जेवणात चवीपुरती पडते ती चिमूट कोणी सोडायची गरज नाही.

तुम्हाला स्वतःला कुठलीच गोळी नसेल तर पाच मिऱ्यांनी आभाळ कोसळणार नाही. फक्त रिकामं पोट का, हे मला कधी कळलं नाही. छातीत जळजळ, आम्लपित्त, जठराचा व्रण असेल तर तो हट्ट सोडाच. १९८७ च्या एका प्रयोगात दीड ग्रॅम मिरी थेट जठरात सोडल्यावर आतलं अस्तर निघू लागलं आणि काहींना सूक्ष्म रक्तस्रावही झाला. दीड ग्रॅम म्हणजे तीसेक दाणे, तुमच्या पाचांशी त्याची बरोबरी नाही, पण दिशा कळते. जर्मनीची अन्नसुरक्षेतली जोखीम तपासणारी सरकारी संस्था वेगळ्या काढलेल्या पायपरीनसाठी मोठ्या माणसाला दिवसाला दोन मिलिग्रॅमची मर्यादा सुचवते, आणि गरोदरपणी ते टाळायला सांगते.

गंमत म्हणून एक पुराण. ‘अति खाऊ नका’ म्हणून चरकाने तीन पदार्थांची नावं घेतली आहेत: पिप्पली, क्षार आणि मीठ. पिप्पली म्हणजे मिरीची सख्खी बहीण, आणि तिच्यातही पायपरीनच.

मुलीचं सांगते. वर्ष उलटलं आहे, त्यामुळे अर्धा चमचा नुसता मध चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही. मिरपूड घालू नका. कोरडी पूड श्वासातून आत गेली तर श्वासनलिका आवळते, आणि लहान मुलांच्या तोंडात मूठभर मिरपूड कोंबल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अख्खे दाणेही तिच्या हाताला लागतील असे ठेवू नका. खोकल्यासोबत धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ताप उतरत नसेल, तर मधाची बाटली बाजूला ठेवून तिला दाखवायला घेऊन जा.