थळहून खांदेरी-उंदेरी भाड्याच्या बोटीने एका दिवसात होईल का? भाडं किती? की मांडव्याहून स्पीडबोट घ्यावी?

तुम्ही आठ जण, त्यात दोन लहान मुलं, आणि एका मित्राचा स्पीडबोटीचा आग्रह. खांदेरी आणि उंदेरी हे अलिबागजवळच्या थळसमोरचे दोन जलदुर्ग, त्यांतली खांदेरी एका दिवसात आरामात होते. मुलं बरोबर असतील तर उंदेरीचा विचार सोडा. आणि स्पीडबोट घेऊ नका, थळची मच्छीमार बोट घ्या. "मासळीच्या होडीत कोण बसणार" हे वाक्य मी माझ्या चुलतभावाकडून बरीच वर्षं ऐकत आलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तारीख ठरवताना बहुतेक लोक रविवार बघतात. आधी तिथी बघा. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमीला दहा त्रिक तीस, भागिले चार, म्हणजे साडेसात. सकाळी साडेसातला भरती, दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हाच हिशोब, अमावास्या पंधरा धरायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे तारीख पक्की करताना मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्या.

हे एवढं महत्त्वाचं का, तर थळचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी लांब जातं आणि बोटी चिखलात टेकतात. एकदा बोट टेकली की पाणी परत चढेपर्यंत तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, काहीही करू शकत नाही, तुम्ही दुप्पट पैसे दिलेत तरी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो दीड-दोन मीटरवर येतो. माझ्या मते सहलीला सगळ्यात चांगले दिवस त्रयोदशी ते प्रतिपदा, कारण भरती सकाळी उशिरा किंवा दुपारच्या तोंडावर येते. भरतीच्या दोन तास आधी निघायचं, चढत्या पाण्यात पोचायचं, भरतीनंतर दोन तासांच्या आत परत थळला यायचं. अष्टमी-नवमीला दुपारी ओहोटी असते, पण भांग असल्यामुळे पाणी फार खाली जात नाही. तेव्हाही जमतं, फक्त बोट थोडी बाहेर उभी राहते आणि गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे दशमी-एकादशीला दहा वाजता बंदरावर पोचून तांडेलाशी हुज्जत घालणारे. तो नाही म्हणतो ते पैसे वाढवायला म्हणतो असं त्यांना वाटतं.

दुसरी गोष्ट वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा असतो, समुद्र सपाट असतो. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. मार्च ते मे हा वारा आणखी जोरात येतो. म्हणून भरतीचं गणित जुळलं तरी दोनच्या आत परतीला लागा. जून-जुलैत विचारूच नका.

आता बोट. खांदेरी किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटरवर आहे. मच्छीमार बोटीला समुद्र बरा असेल तर अर्धा-पाऊण तास लागतो, स्पीडबोटीला त्याहून कमी. वाचतात ती एवढीच मिनिटं. स्पीडबोट हलकी असते, आखूड लाटेवर आपटते, आणि प्रत्येक आपट मागे बसलेल्याच्या कमरेत जाते. मुलांना तर धरून ठेवावं लागतं. मच्छीमार बोट जड असते, ती लाट कापत जाते. शिवाय या भागात डोलीची जाळी (एका जागी बांधून ठेवलेली मोठी जाळी) आणि त्यांचे दोर पाण्यात असतात. पंख्यात दोर अडकला की बोट जागच्या जागी आडवी होते आणि लाटा बाजूने घेऊ लागते. थळच्या तांडेलाला कोणाची जाळी कुठे लागली आहेत हे माहीत असतं, आणि तरीही अडकलाच तर खलाशी सुरी घेऊन पाण्यात उतरतो. बाहेरून आलेल्या चालकाला फुगे दिसतील तेवढेच.

या पाण्यात लहान बोटी आणि जागा ओळखणारी माणसं काय करू शकतात हे १६७९ मध्ये दिसलं आहे. त्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या हुकुमाने मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं घेऊन खांदेरीवर उतरले आणि तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. पण त्यांच्या मोठ्या जहाजांना वारा हवा, खोल पाणी हवं. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री वल्ह्यांवर निघायच्या, उथळातून दगड, धान्य, माणसं बेटावर पोचवायच्या, आणि जहाजं बघत राहायची. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालचं मराठा आरमार दिवसाउजेडी चालून गेलं, इंग्रजांचं 'डव्ह' जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. 'रिव्हेंज' एकटं टिकलं, पण वेढा काही उपयोगी पडला नाही. पुढच्या जानेवारीत इंग्रज निघून गेले आणि खांदेरी राहिली. माझ्या भावाने होडीला नावं ठेवली की मला हे आठवतं. त्याच जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी घेतली, म्हणून ही दोन बेटं पुढे समोरासमोर तोफा लावून बसली.

बेटावर उतरायचं ते धक्क्यावरच, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी. तटाच्या पायथ्याशी मुद्दाम टाकलेले मोठे दगड आहेत, त्यांवर कालवं वाढतात आणि पाय कापतात. शत्रूला उतरता येऊ नये म्हणून केलेली ही सोय आजही तितकीच चालते. चपला नकोत, पट्ट्याच्या रबरी तळाच्या सँडल घाला. उंदेरीला धक्काच नाही, नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) खडकावर उडी मारावी लागते आणि ती लाट बघून. म्हणून मुलांना नको म्हटलं. परतताना तांडेलाला उंदेरीला लांबून वळसा घालायला सांगा, तट छान दिसतो.

खांदेरीला दोन-अडीच तास पुरतात. चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा, दगडाने वाजवली की धातूसारखी वाजणारी शिळा, १८६७ चं दीपगृह, आणि वेताळाचं देऊळ. वेताळ कोळ्यांचा देव आहे. बहुतेक वेळा तुमचा तांडेलही पाया पडायला येईल, त्याला घाई करू नका. बेटावर दुकान नाही. माणशी तीन लिटर पाणी, कोरडं खाणं, कचऱ्याची पिशवी. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी, मुलांसाठी डॉक्टरांना विचारून. बसायचं मध्यभागी, इंजिनाच्या धुरापासून दूर.

भाडं माणशी नसतं, पूर्ण बोटीचं असतं: डिझेल, दोन-तीन माणसांचा दिवस, आणि बेटावर थांबण्याचे तास. आकडा हंगाम आणि डिझेल बघून बदलतो, म्हणून आदल्या दिवशी थळला जाऊन किंवा फोनवर बोलून ठरवा. थांबण्याचे तास आधीच पक्के करा, बहुतेक भांडणं तिथेच होतात. मुंबईहून सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरून भरती गाठायची म्हणजे ओढाताण होते. आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा.

एक अट मात्र आहे. मासेमारीची बोट म्हणजे प्रवासी बोट नव्हे. महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का हे विचारा आणि लाइफ जॅकेटं मोजून घ्या. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं, मुलांच्या मापाची दोन वेगळी हवीत, नसतील तर घरून न्या. परवाना असलेली मोठी लाँच मिळाली तर तीच घ्या, माझा विरोध फक्त हलक्या स्पीडबोटीला आहे.

तांडेल सकाळी आभाळ बघून नको म्हणाला तर घासाघीस करू नका. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीची वेळ बघून करा, तो मुलांनाही झेपतो.