फोनवरचं ‘या’ म्हणजे परवानगी नव्हे

तुम्ही लिहिलंय, ‘बी.कॉम.ची ४५ मुलं मुंबईला एक वित्तीय संस्था दाखवायला न्यायची आहेत, तिथल्या साहेबांनी फोनवर या म्हटलंय, तिकिटं काढू का?’ वाचूनच पोटात गोळा आला. नका काढू.

२०१८ साली मी काढली होती. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं ३८ मुलं घेऊन गेलो. फोर्टातली एक मोठी वित्तीय संस्था. नाव घेत नाही, आमची मुलं अजून तिथं अर्ज करतात. पत्र महिनाभर आधी धाडलं होतं, आणि फोनवर एक बाई गोड बोलल्या, ‘या ना सर, त्यात काय!’ एवढ्यावर मी प्राचार्यांची सही घेतली. गेटवर बघतो तर त्या दिवसाच्या यादीत आमचं कॉलेजच नाही. बाई रजेवर. पत्र म्हणे दुसऱ्या खात्याकडे ‘मार्क’ झालंय, आणि त्या खात्याचा फोन कोणी उचलेना. दोन तास फुटपाथवर. मुलींना बाथरूम कुठे शोधायचं, तेही कुणी सांगेना. रक्षकाला मी दोष देत नाही. १२ मार्च १९९३ चा पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीतच झाला होता. त्या भागात अनोळखी घोळका आत सोडणार नाहीतच. चीड आली ती शेवटी खाली आलेल्या साहेबांची. ‘मेल करायचा होतात.’ अहो, तीन केले होते!

तेव्हा लेखी उत्तर हवंच, आणि त्यात तारीख, वेळ, मुलांची संख्या, कोणतं गेट आणि ते अधिकारी नसले तर कोण, एवढं सगळं हवं. पत्र हातोहात देता आलं तर स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, पत्र मिळाल्याचा आवकचा शिक्का घ्या. मुलांची नावं आधारवर आहेत तशीच लिहा, हजेरीपटावरून उतरवू नका. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, मी माझ्यापुरतं सांगतोय.

आमचा दिवस वाचवला तो सर फिरोजशाह मेहता रोडवरच्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयानं. तिकीट नव्हतं. सोमवारी बंद असायचं, तरी आताच्या वेळा विचारून घ्या. १९३८ साली दहा हजारांची नोट निघाली होती हे ऐकून पोरं उन्हातले दोन तास विसरली. मग हॉर्निमन सर्कलला गेलो. १८५० च्या दशकात दलाल याच परिसरात वडाखाली जमायचे, त्यातून १८७५ ला शेअर बाजार उभा राहिला. खरं सांगू? दलाल स्ट्रीटवर शेअर बाजारापुढच्या बैलाच्या पुतळ्याजवळ फोटो काढण्यापेक्षा हे जास्त डोक्यात राहतं. (ओरडणारे दलाल दिसतील असं मुलांना सांगू नका. १९९५ पासून सौदे संगणकावर होतात.)

आणि हो, संस्थेचं नाव टाकून बॅनर आधीच छापून घेऊ नका. आमचा अजून स्टाफरूमच्या कपाटावर गुंडाळून पडलाय.