फाशी ‘कायम केली’ की ‘कायम ठेवली’?

प्रश्न असा: बातम्यांत उच्च न्यायालयही फाशी ‘कायम करतं’ आणि सर्वोच्च न्यायालयही. आरोपीने अपीलच केलं नसेल, तर कायम काय करायचं?

माझ्या मते इथे दोन क्रियापदं हवीत. सत्र न्यायालयाने खुनासाठी फाशी दिली की ती लगेच अमलात येत नाही. प्रकरण आपोआप उच्च न्यायालयाकडे जातं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०७, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३६६). तिथे किमान दोन न्यायमूर्तींच्या सहीने मंजुरी मिळेपर्यंत शिक्षा कच्चीच. म्हणून उच्च न्यायालय फाशी कायम ‘करतं’. वकील याला सरळ ‘कन्फर्मेशन’ म्हणतात.

आरोपीचं अपील हे वेगळं प्रकरण. मुदत ३० दिवस. इतर शिक्षांविरुद्ध उच्च न्यायालयात ६० मिळतात, म्हणून इथे गफलत होते. कैदी ते तुरुंग अधीक्षकामार्फतही पाठवू शकतो. दोन्ही सहसा एकत्र ऐकली जातात, आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत फाशी कायम करता येत नाही. अपील नसलं तरी न्यायालयाला पुरावा मुळापासून तपासावाच लागतो. त्यामुळे ‘अपील फेटाळलं’ एवढ्यावर बातमी पुरी होत नाही: दोषसिद्धी टिकूनही फाशीची जन्मठेप होऊ शकते. (आणि अपील ‘फेटाळली’ नव्हे, मराठीत अपील नपुंसकलिंगी.)

पुढे सर्वोच्च न्यायालयात बहुधा विशेष परवानगी मागावी लागते. उच्च न्यायालयानेच निर्दोष सुटका उलटवून फाशी दिली असेल तर मात्र अपील हक्काचं (अनुच्छेद १३४). तोवर शिक्षा पक्की झालेली असते, म्हणून सर्वोच्च न्यायालय ती कायम ‘ठेवतं’.

‘फाशी रद्द’ हा मथळा तर सर्वांत घातक. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी २००४ मध्ये उच्च न्यायालयाने कायम केली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या फाशीची जन्मठेप केली, कारण दयेचे अर्ज वर्षानुवर्षं रखडले होते. दोषसिद्धीला धक्का लागला नव्हता. नुसतं ‘फाशी रद्द’ वाचणाऱ्याला मात्र त्या सुटल्या असंच वाटेल. तिथे ‘फाशीऐवजी जन्मठेप’ लिहावं, आणि ‘निर्दोष मुक्तता’ हे शब्द खरोखर सुटका झाली तरच वापरावेत.

दयेच्या अर्जाला ‘राष्ट्रपतींकडे अपील’ म्हणणंही चूकच. तो राज्यपाल किंवा राष्ट्रपतींकडे जातो, आणि तो मान्य झाला तरी न्यायालयाचा निकाल चुकीचा ठरत नाही.