आईला फोन जमत नाही, म्हणजे तिला विसरायला होतंय का?

गणपतीत चाकरमानी गावी आले की माझ्याकडे एका प्रश्नाची रांग लागते. "मॅडम, आईला व्हॉट्सॲप दहा वेळा शिकवलं. हो हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. तिला विसरण्याचा आजार तर नाही ना?" कुणी हेच वडिलांबद्दल विचारतं. विचारणारा बहुतेकदा मुंबई-पुण्याला असतो आणि चार दिवसांनी त्याला परतायचं असतं. त्याच्या आवाजात चिडचिड ऐकू येते. तिच्याखाली भीती असते, ती थोडं थांबल्यावर कळते.

देवगड तालुक्यातल्या एका काकींची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव-गाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

काकींचं वय साठीच्या पुढे. काका गेल्यावर घरात एकट्या. मुलगा ठाण्याला. त्याने चांगल्यातला फोन घेऊन दिला, व्हिडिओ कॉल शिकवला, गॅसचा नंबर लावायला शिकवलं. काकी फोन कपाटात ठेवू लागल्या. मुलाने कॉल केला की शेजारची मुलगी येऊन उचलून द्यायची. मुलाने त्यांना माझ्याकडे आणलं ते "मेमरी तपासा" म्हणून.

मी आधी आंब्यांबद्दल विचारलं. मागच्या हंगामात कुणाला किती पेट्या गेल्या, पाच डझनी किती, कुणाचे पैसे राहिले, कुठल्या कलमाला मोहोर उशिरा आला, हे सगळं काकींनी वहीत न बघता सांगितलं. एका गिऱ्हाइकाने दोन हप्त्यांत पैसे दिले होते, तो हिशोबही तोंडपाठ. मुलगा बाजूला बसून ऐकत होता. त्यातलं बरंच त्यालाही ठाऊक नव्हतं.

विसरण्याच्या आजाराची शंका कधी घ्यावी, हे इथेच सांगते. नवी गोष्ट चटकन न जमणं हे त्याचं लक्षण धरू नका. जन्मभर हातात असलेली गोष्ट निसटू लागली तर लक्ष द्या: रोजच्या भाजीचा क्रम चुकतो, ओळखीच्या वाटेवर गोंधळ होतो, एकच पैसे दोनदा दिले जातात, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा येतो. असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्याच, आणि ब १२ जीवनसत्त्व, थायरॉइड, कान, डोळे यांची तपासणी करून घ्या. जोडीदार गेल्यावरचं औदासीन्यही पुष्कळदा विसराळूपणासारखं दिसतं. मनाच्या तक्रारीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. काकींच्या बाबतीत डोळे तेवढे तपासायला पाठवले. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

मग मी म्हटलं, फोन घ्या आणि मला काहीही करून दाखवा. काकींनी बोट पडद्यावर टेकवलं आणि दाबून धरलं. व्हॉट्सॲप उघडायच्या ऐवजी चिन्हं हलायला लागली, एक छोटी यादी उघडली, आणि काकींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मुलगा लगेच पुढे झुकला, "अगं दाबून नको धरू, किती वेळा सांगितलं!" आणि फोन त्याच्या हातात गेला.

त्या दोन क्षणांत मला सगळी केस दिसली.

मोबाइलचा पडदा बोटाचा जोर मोजत नाही. त्वचेच्या स्पर्शाने होणारा बारीकसा विद्युत बदल तो टिपतो. काजू सोलून, झाडलोट करून घट्टे पडलेलं कोरडं बोट त्याला नीट कळत नाही. मग माणूस आणखी जोर लावतो, बोट जास्त वेळ टेकून राहतं, आणि फोन त्याचा अर्थ वेगळाच घेतो. रेशन दुकानात याच काकींचे ठसे उमटत नव्हते, तेव्हा दोष कुणी त्यांच्या बुद्धीला दिला नव्हता. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'टच अँड होल्ड डिले' असतं, तिथे ही वेळ वाढवता येते. आम्ही ती वाढवली, अक्षरं मोठी केली, बोट ओल्या फडक्याला पुसून कोरडं करायला सांगितलं. अर्धी अडचण तिथेच सरली.

उरलेली अर्धी मुलाच्या त्या वाक्यात होती. काकी नंतर एकट्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हात लावलंय आणि बिघाडला तर? तो काय बोलतलो?" पैसे जातील, ही भीती होतीच. वाडीत कुणाला तरी वीज तोडण्याचा फोन आला होता आणि खात्यातले पैसे गेले होते. पण त्याहून मोठी भीती मुलासमोर अडाणी ठरण्याची होती. ज्याचं बोट धरून अक्षर गिरवायला शिकवलं, त्याने वैतागावं हे फार लागतं. म्हणून त्या "हो हो, समजलं" म्हणायच्या. तो विषय संपवायचा तेवढाच मार्ग त्यांच्याकडे होता.

माझं ठाम मत झालं आहे, आणि अशा पुष्कळ घरांकडे बघून झालं आहे: आईवडिलांना फोन शक्यतो पोटच्या मुलांनी शिकवू नये. प्रेम कमी पडतं म्हणून मी हे म्हणत नाही. नात्याचं ओझं घेऊन चुकणं अवघड जातं. परक्यांत, आपल्यासारख्याच चुकणाऱ्यांत माणूस मोकळेपणी चुकतो.

आमच्या भागात एका वाचनालयाच्या तळमजल्यावर फोन शिकवणारं असं केंद्र चालतं. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे. तिथे मासे विकणाऱ्या बायका येतात, निवृत्त शिक्षक येतात, ऐकू न येणारी एक शिवणकाम करणारी मुलगी येते, जी मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर हातवाऱ्यांच्या भाषेत बोलते. वयाची, शिक्षणाची अट नाही. एकच नियम कडक पाळतात: फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहणार. शिकवणारा बोटाने दाखवेल, तोंडाने सांगेल, फोन ओढून घेणार नाही.

पहिले काही वर्ग फक्त चुकायचे असतात. कुठलंही चिन्ह उघडा, हरवा, आणि होम बटणाने परत या. हे मला फार मोलाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली 'सेल्फ एफिकसी', म्हणजे 'मला हे जमेल' हा विश्वास, कुठून येतो ते मांडलं. स्वतःच्या हाताने मिळालेलं यश हा त्यांनी सर्वांत भक्कम स्रोत मानला. आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं त्यानंतर, आणि कुणी नुसता धीर देणं त्याच्याही नंतर. घरी आपण धीर देतो आणि फोन मात्र हातातून काढून घेतो.

काकींना तिथे विचारलं, तुम्हाला काय शिकायचं आहे? मुलगा समोर नव्हता. उत्तर लगेच आलं, "आंब्याचे पैशे इले काय नाय, ता माझा माका कळाक व्हया. दरवेळी झिलाक इचारूचा लागता." व्हिडिओ कॉल त्यांच्या यादीत नव्हताच! ती गरज मुलाची होती.

शिकवायला होते एक दृष्टिहीन गृहस्थ. ते स्वतः टॉकबॅकवर फोन चालवतात, पडद्यावर काय आहे ते फोन बोलून सांगतो. त्यांनी काकींना आधी बँकेच्या शिल्लक कळवणाऱ्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायला लावला. मेसेज आला, इंग्रजीत. काकी म्हणाल्या, माका वाचूक येणा नाय. "काकी, बघू नकात, आयका," असं म्हणत त्यांनी 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू करून दिलं. फोन मेसेज वाचू लागला. क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले, एवढे दोन शब्द कानाने ओळखायचे. आकडा काकी वाचतातच. दिसत नसलेल्यांसाठी केलेली सोय मोतीबिंदू झालेल्या, इंग्रजी न येणाऱ्या बाईच्या कामी आली. सगळ्यांना एका खोलीत बसवण्याचं कारण विचारतात त्यांना मी हा प्रसंग सांगते.

पैशांची भीतीही तिथेच बोलली गेली. फोनवर कुणाकडून पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. फसलोच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, कारण जितकं लवकर कळवू तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. काकींनी १९३० भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

मुलाशी मला वेगळं बोलावं लागलं. "म्हणजे मी शिकवूच नको?" त्याला लागलं होतं. त्याला आई रोज दिसायला हवी होती. बाबांच्या शेवटच्या दिवसांत तो पोचू शकला नव्हता, ते अजून सलत होतं. हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. त्याला तीन गोष्टी सांगितल्या. परीक्षा घेऊ नको. आईने चुकीच्या वेळी कॉल लावला, अर्धवट मेसेज पाठवला, तरी उत्तर दे, दुरुस्ती करू नको. आणि तिने न विचारता फोनमध्ये काही बदलू नको. चिन्हांची जागा बदलली की शिकलेलं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. शिमग्याच्या सुमारास काकी व्हॉइस मेसेज पाठवू लागल्या, आधी वेंगुर्ल्याच्या बहिणीला, मग मुलाला. व्हिडिओ कॉल त्या उचलतात तेव्हा अजून निम्मा वेळ कपाळच दिसतं, असं मुलगा सांगतो. रोज काही त्या करत नाहीत, आणि पावसात वाडीत वीज-रेंज गेली की चार दिवस फोन गप्पच असतो. यूपीआय सुरू करू का, असं मुलाने या खेपेला आईलाच विचारलं. काकी म्हणाल्या, "आंब्याचो हंगाम सरांदे, मगे बघूया." तो थांबला आहे.