जी एफडी मोडून गाडी घेणार, ती एफडी नाहीच

देवगड तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 32, फ्रिज-एसी दुरुस्तीचं स्वतःचं दुकान, महिन्याला सरासरी 40 हजार सुटतात. घरी आई-बाबा, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. बाबांची हापूसची 70 कलमं आहेत. चांगल्या साली खर्च वजा जाता पावणेदोन लाख हातात येतात, वाईट साली फवारणीचे पैसेही निघत नाहीत. त्यांच्याकडे 2019 ची रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 मोटारसायकल आहे, 41 हजार किलोमीटर झालेली. आता इंटरसेप्टर 650 घ्यायची आहे. ते लिहितात:

"फोंडाघाटात पत्नी मागे आणि सामान असलं की 350 दमते. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायला लांब मोकळा रस्ता लागतो. शोरूमने 650 चे ऑन-रोड 4 लाख 5 हजार सांगितलेत. जुनीचे 1 लाख 40 हजार येतील. बाकीचे एफडी मोडून देईन, म्हणजे कर्ज एक रुपयाचंही नाही. एफडी बँकेतल्या मॅडमनी मार्च 2023 मध्ये करून दिली, दरवर्षी एक लाख, पाच वर्षं. तीन हप्ते झाले. गेल्या मार्चमध्ये आंब्याचे पैसे आले नव्हते म्हणून वाशीच्या दलालाकडून उचल घेऊन हप्ता भरला. बाबा म्हणतात, 'आसा ती गाडी काय वायट आसा?' तुम्हाला काय वाटतं?"

नमस्कार. तुमचा प्रश्न गाडीचा आहे आणि त्याचं उत्तर देईनच. पण पत्र वाचताना मी एका शब्दावर अडकलो. एफडीला हप्ता नसतो. एफडी म्हणजे एकदा रक्कम ठेवायची आणि मुदत संपली की व्याजासकट घ्यायची. दरवर्षी मार्चमध्ये लाख रुपये मागणारी गोष्ट एफडी नव्हे. म्हणून तुमच्याकडून कागदांचे फोटो मागवले. तुम्ही ते त्याच रात्री पाठवलेत, बरं केलंत.

पासबुकात तिन्ही वर्षी लाख रुपयांसमोर विमा कंपनीचं नाव आणि 'प्रीमियम' असं छापलेलं आहे. तुम्ही ज्याला एफडीची पावती म्हणता त्या कागदाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय: मुदत 20 वर्षं, हप्ते 10 वर्षं, विमा रक्कम 10 लाख. पाच वर्षांचा उल्लेख त्या कागदांत कुठेही नाही. अर्जाच्या प्रतीवर तुमचं वार्षिक उत्पन्न 12 लाख दाखवलंय. सही तुमची आहे, पण रकान्यांतलं अक्षर दुसऱ्याचं आहे. तुम्हीच लिहिलंय की मॅडमनी सांगितलं होतं, "कंपनीतून फोन येईल, सगळ्याला हो म्हणा." तुम्ही हो म्हणालात.

याचा मला राग येतो. बँकेच्या काउंटरवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास असतो. आंब्याचे पैसे घेऊन माणूस 'एफडी करा' म्हणत येतो आणि वीस वर्षांची पॉलिसी घेऊन घरी जातो. चूक तुमच्या भोळेपणाची कमी आणि विकणाऱ्याची जास्त आहे. पण कागद न वाचता सही केली, एवढी चूक तुमची आहे. ती यापुढे करू नका.

आता हिशेब. मॅडमनी सांगितलं, पैसे दुप्पट होतात. दहा वर्षांत दहा लाख भरायचे, विसाव्या वर्षी वीस लाख मिळायचे. ऐकायला छान वाटतं. पण पैसे सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षं अडकतात, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि त्या वीस लाखांतला बोनसचा भाग खात्रीचा नाही, तुमच्या कागदावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं आहे. तेच लाख रुपये दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले असते तर आजच्या 7.1 टक्के दराने विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाख झाले असते.

झालं ते झालं. आज काय करायचं? तुम्ही समजता तीन लाख आणि वर व्याज. पण आता पॉलिसी बंद करून पैसे मागितलेत तर तुमच्या वेळच्या नियमाप्रमाणे तीन हप्त्यांनंतर किमान 35 टक्के परत मिळतात, म्हणजे तीन लाखांचे एक लाख पाच हजार. कंपनी थोडे जास्त देतही असेल, नेमका आकडा लेखी मागा. 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या पॉलिसींना नियम पुष्कळ बरे झालेत, तुमची त्याआधीची आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण पॉलिसी दिसली की लगेच 'मोडा' म्हणणारेही असतात. तीन वर्षांचं नुकसान होऊन गेलंय. इथून पुढचाच हिशेब केला तर मोडून मिळणारे लाख आणि उरलेले सात हप्ते पीपीएफच्या दराने वाढवून विसाव्या वर्षी 22 लाखांच्या जवळ जातात, आणि पॉलिसी चालू ठेवली तर 20 लाख. फरक दोन लाखांचा. इतक्यावरून मी तुम्हाला घाईने काही मोडायला सांगणार नाही. मला दुसरीच गोष्ट खुपते, ती तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत: दलालाची उचल.

हप्ता मार्चमध्ये येतो. मार्चमध्ये आंबा झाडावर असतो. पहिल्या पेट्या गेल्या तरी खरा पैसा एप्रिल-मेमध्ये, दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, हातात आल्यावर. म्हणजे हा हप्ता अशा महिन्यात आहे की तुमच्या घरात तेव्हा आंब्याचा पैसा असूच शकत नाही. मग उचल घ्यायची. उचल घेतली की माल त्याच दलालाकडे जाणार, तो भाव लावेल तो घ्यायचा, वर त्याचं कमिशन. त्या पट्टीत पेटीमागे शंभर-दोनशे कमी धरले गेले तरी तुम्ही बोलू शकत नाही. दीडशे पेट्यांवर शंभर रुपये म्हणजे पंधरा हजार. साडेचार टक्के मिळवायला तुम्ही लाखामागे पंधरा हजार मोजलेत. हापूस एका वर्षाआड धरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मोहोर जळाला, अवकाळी झाला, थ्रिप्सची कीड आली की त्या साली उत्पन्न शून्य, आणि हप्ता मात्र लाखाचाच. पीपीएफमध्ये वाईट साली पाचशे रुपये टाकले तरी खातं चालू राहतं. आंब्यावर चालणाऱ्या घराला हा सैलपणा हवा. म्हणून मी म्हणतो, चौथा हप्ता भरू नका.

पण लगेच सरेंडरही करू नका, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे मागू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार द्या: पाच वर्षांची एफडी सांगून वीस वर्षांची पॉलिसी दिली, अर्जात उत्पन्न खोटं भरलं, तिन्ही हप्ते परत हवेत. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर स्क्रीनशॉट काढून जोडा. 'एफडीचा हप्ता' असा शब्द तिथे सापडला तर तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. हीच तक्रार विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. तीन लाख परत मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण स्वतःहून पॉलिसी मोडून पैसे घेतलेत तर तुमची बाजू दुबळी होते. हप्ता थांबवल्याने पॉलिसी बुडत नाही. दोन वर्षांहून जास्त हप्ते गेलेत, ती 'पेड-अप' होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेची होऊन चालू राहते. तक्रारीचा निकाल लागल्यावर सरेंडरचं ठरवू.

या काळात कोणी फोन करून 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी एक नवीन पॉलिसी घ्या' म्हणालं तर फोन ठेवून द्या. असे फोन येतातच.

आणि एक काम हप्ता थांबवण्याच्या आधी करायचं आहे. आज तुम्हाला काही झालं तर घरच्यांना या पॉलिसीचे दहा लाख मिळतील. चार माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत, दहा लाख तीन वर्षंही पुरणार नाहीत. एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही असा. तुमच्या वयाला वर्षाला दहा-पंधरा हजारांच्या घरात पडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात उत्पन्न खरं लिहा, रोज दोनचाकीवर फिरता तेही लिहा. तो हातात आला की मगच जुना हप्ता सोडा.

आता गाडी.

350 घाटात दमते हे खरं आहे. तुमची 346 सीसी आणि जेमतेम 20 बीएचपी, 650 चे 47. फोंडाघाट चढताना हा फरक कोणालाही कळेल. तुम्हाला ती हवीशी वाटते यात काही चूक नाही, आणि मी हौस मारायला सांगणारा माणूस नाही. पण तुमचा आकडा पुन्हा मांडतो. त्याच 22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि 350 च्या वरच्या गाड्यांचा सेससकट 31 होता तो 40 झाला. म्हणजे तुम्हाला हवी ती महागली. आणि नवी 350 स्वस्त झाल्यावर सहा वर्षं जुन्या, 41 हजार पळालेल्या गाडीला 1 लाख 40 हजार कोण देणार? मी 95 हजार धरतो. पॉलिसीचे लाख धरले तरी दोन लाख कमी पडतात. 11 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याला पावणेसात हजार हप्ता. महिन्याला हजार किलोमीटर फिरत असाल तर पेट्रोलचे आतापेक्षा जास्तीचे हजार-बाराशे वेगळे. थर्ड पार्टी विम्याचा दर 150 ते 350 सीसीला वर्षाला 1,366, त्यावर 2,804; नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, 15,117. तुमच्या 'एक रुपयाही कर्ज नाही' या वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

शिवाय गाडी राहणार देवगडात. खाऱ्या हवेत स्पोक आणि सायलेन्सर कसे गंजतात ते तुमच्या सध्याच्या गाडीकडे पाहूनच कळेल. 350 चं काम गावातला फिटर करतो. 650 चं दोन सिलिंडरचं इंजिन तो उघडेल का, हे बुकिंगच्या आधी त्यालाच विचारा.

म्हणून या वर्षी नको. 41 हजार किलोमीटर हे त्या इंजिनाचं म्हातारपण नाही. क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, ब्रेक पॅड, कार्ब्युरेटरची साफसफाई: पंधरा हजारांत गाडी पुष्कळ मोकळी होईल. घाटातला अर्धा दम कदाचित झिजलेल्या क्लचचाच असेल, आधी तो बघून घ्या. विमा नूतनीकरण करताना मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण आहे ना, तेही तपासा.

दोन हंगाम जाऊ द्या. त्यातला एक तरी चांगला जाईल. बाबांनी फळपीक विमा काढलाय का तेही विचारा, पत्रात त्याचा उल्लेख नाही. उचलीशिवाय एक हंगाम पार पडला आणि खऱ्या एफडीत दोन लाख जमले, की मला पुन्हा लिहा. तेव्हा दोन-तीन वर्षं वापरलेली 650 बघू. तिचा कर आणि पहिली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असेल. नावावर करून घेण्याचे कागद मात्र त्याच आठवड्यात करायचे.

चौथ्या हप्त्याची तारीख 18 मार्च आहे. खात्यातून रक्कम आपोआप जाते, असं पासबुकावरून दिसतं. टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रं यांत काही आठवडे जातात, म्हणून अर्ज याच आठवड्यात भरा. आणि 18 मार्चच्या आधीच बँकेत जाऊन तो आपोआप कपातीचा आदेश लेखी रद्द करा आणि प्रतीवर शिक्का घ्या. टर्म पॉलिसी तोवर हातात आली नाही तरी जुन्या हप्त्याला 18 मार्चच्या पुढे महिन्याभराची सवलत असते. आणि आज संध्याकाळी ते पहिलं पान बाबांना वाचून दाखवा. पैसे त्यांच्या कलमांचे आहेत आणि त्यांना अजून यातलं काही माहीत नाही.