गरुड चाळिशीत स्वतःची चोच फोडतो का? आणि पक्षी खरंच किती जगतात?

तुमचा प्रश्न असा आहे: «गरुड ७० वर्षं जगतो, पण ४० व्या वर्षी डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून काढून टाकतो, नखं-पिसं उपटतो आणि १५० दिवसांनी पुन्हा तरुण होतो, हे खरं आहे का? नसेल तर सर्वांत जास्त जगणारा पक्षी कोणता?»

पहिल्या भागाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. दुसऱ्या भागाला मात्र वेळ लागेल. चहा घेऊन बसा.

मी पक्षितज्ज्ञ वगैरे नाही. सहकारी बँकेत नोकरी, रविवारी गळ्यात दुर्बीण, एवढीच माझी पात्रता. ही गरुडाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या बँकेच्या प्रेरणा शिबिरात. वक्त्यांनी चाळिशी ओलांडलेल्यांना हात वर करायला लावले, दिवे मंद केले, मागे बासरी लावली आणि ही गोष्ट सांगितली. दोन सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारच्या सत्रात थकीत कर्जांच्या वसुलीचं उद्दिष्ट वाढवल्याचं कळलं, तेव्हा उरलेल्यांच्याही.

आता गरुडाचं बघू. चोच म्हणजे आत हाड आणि वरून नखासारखं शिंगी आवरण. हे आवरण जन्मभर वाढत असतं आणि वापराने झिजत असतं, त्यामुळे ती ‘म्हातारपणी वाकडी होऊन छातीत घुसते’ वगैरे काही होत नाही. पिसं तर दरवर्षी थोडी थोडी गळतात आणि नवी येतात, तीही अशा बेताने की उडणं थांबू नये. आणि चोच खरोखरच गेली तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलेलं आहे. २००५ मध्ये अलास्कात गोळी लागून वरची चोच उडालेली बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाची, एक मादी सापडली. तिला धड खाता येईना, पाणी पिता येईना, पिसं साफ करता येईनात. माणसांनी हाताने भरवलं म्हणून ती जगली आणि २००८ मध्ये तिला कृत्रिम चोच बसवावी लागली. तिचं नाव ब्यूटी. दीडशे दिवस डोंगरावर एकटी बसली असती, तर पहिल्या पंधरवड्यातच कारभार आटोपला असता.

सत्तर वर्षांचंही तसंच. जंगलातल्या बाल्ड ईगलचा अमेरिकेतला नोंदलेला उच्चांक ३८ वर्षांचा आहे. १९७७ मध्ये पिल्लू असताना त्याच्या पायात कडी घातली होती आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मोटारीची धडक बसून तो मेला. म्हणजे ज्याच्या वयाचा कागद आहे, तो गरुड चोच फोडण्याच्या मुहूर्तापर्यंतसुद्धा पोचला नाही. पिंजऱ्यात, आयतं खाणं आणि डॉक्टर मिळाल्यावर, चाळिशी ओलांडलेले गरुड आहेत. सत्तर नाही.

आता ‘ज्याच्या वयाचा कागद आहे’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. पक्ष्यांच्या वयाची सगळी गंमत तिथेच आहे. झाडाला वलयं असतात, गाई-म्हशीचे दात बघून वय सांगता येतं. पक्षी एकदा पूर्ण वाढला की पाच वर्षांचा आणि पन्नास वर्षांचा शेजारी बसवला तरी ओळखू येत नाही. ना केस पिकत, ना सुरकुत्या. त्यामुळे ‘आमच्याकडचा पोपट साठ वर्षांचा होता’ असं कुणी म्हणालं की मी मान डोलावतो आणि मनात आजीचा राघू आठवतो.

माझ्या आजोळी वाड्याच्या पडवीत राघूचा पिंजरा टांगलेला असे. (तेव्हा सर्रास पाळत. आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता.) आजी सांगायची, तो तिच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आला. ती गेली तेव्हाही पिंजऱ्यात राघू होताच. हिशेब केला तर बेचाळीस वर्षं! आमच्या घराण्यातला हा सर्वांत अभिमानाचा विषय. पुढे मला पक्ष्यांचं वेड लागलं आणि एका दिवाळीत जुने फोटो चाळताना मी अडखळलो. थोरल्या मावशीच्या लग्नातल्या फोटोत राघूच्या गळ्याला काळी कंठी स्वच्छ दिसत होती. दहा-अकरा वर्षांनंतरच्या, माझ्या बारशाच्या फोटोत त्याच पिंजऱ्यात राघू होता, पण कंठी नव्हती. आता नर पोपटाला कंठी येते ती साधारण तिसऱ्या वर्षी, आणि एकदा आली की जात नाही. मादीला आणि पिल्लांना ती नसते. म्हणजे बारशाला हजर असलेला राघू एक तर मैना होता किंवा पोरगा.

मामाला गाठलं. बराच वेळ सुपारी कातरत बसला, मग म्हणाला, “मांजरानं नेला रे. दोनदा. आईला सांगायची कुणाची छाती होती? पहाटे उठून बाजारातनं दुसरा आणून ठेवायचा.”

“आणि तिला कळलं नाही?”

“नवा आला की आठ-आठ दिवस तो तिला चावायचा. ती म्हणायची, राघूचं डोकं फिरलंय, मिरच्या जास्त झाल्यात.”

तर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या वयाबद्दल हे असं आहे. तरी काहींची कागदपत्रं चोख आहेत. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा गुलाबी काकाकुवा १९३४ मध्ये, संग्रहालय उघडलं त्याच वर्षी, साधारण एक वर्षाचा असताना तिथे आला आणि २०१६ मध्ये ८३ व्या वर्षी गेला. शेवटी त्याला संधिवात होता, हाडं ठिसूळ झाली होती. २००९ पासून त्याला लोकांसमोर ठेवणंही बंद केलं होतं, सेवानिवृत्तच म्हणा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड प्राणिसंग्रहालयातला एक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, २०१४ मध्ये मेला तेव्हा किमान ८३ वर्षांचा होता. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये थाओ नावाचा अँडियन कोंडोर, म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं प्रचंड गिधाड, २०१० मध्ये ८० व्या वर्षी गेला.

पण मला स्वतःला या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्यांचं फार कौतुक नाही. खरी कमाल उघड्या समुद्रावर आहे, आणि ती कळली ती ॲल्युमिनियमच्या एका कडीमुळे. डेन्मार्कमधले मॉर्टेन्सन नावाचे एक शिक्षक १८९९ मध्ये तिथल्या मैनांच्या जातभाईंना, स्टार्लिंगना, क्रमांक आणि पत्ता कोरलेल्या कड्या घालू लागले. तिथून हे शास्त्र सुरू झालं. आपल्याकडे सालिम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, १९६० च्या दशकात हे काम मोठ्या प्रमाणावर केलं.

आता विस्डमची गोष्ट. प्रशांत महासागराच्या मधोमध मिडवे नावाचं चिमुकलं प्रवाळबेट आहे. तिथे अमेरिकी नौदलाची धावपट्टी होती आणि लाखो लेसन अल्बाट्रॉस, म्हणजे लांब पंखांचे मोठे समुद्रपक्षीही. पक्षी विमानांवर आदळत होते. त्यावर उपाय शोधायला जे शास्त्रज्ञ गेले, त्यांत चँडलर रॉबिन्स होते. १० डिसेंबर १९५६ या दिवशी त्यांनी अंड्यावर बसलेल्या एका मादीच्या पायात कडी घातली. या जातीची मादी पाच वर्षांच्या आत अंडं घालत नाही, म्हणून तिचं वय त्या दिवशी किमान पाच धरलं. पुढे २००२ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, रॉबिन्स पुन्हा मिडवेवर गेले आणि जुन्या झिजलेल्या कड्या बदलू लागले. नंतर नोंदवह्या ताडून पाहिल्या तेव्हा कळलं, त्यातली एक कडी त्यांनीच घातलेली होती. त्या वेळी ते ऐंशीच्या पुढे होते. ती बाई तशीच, त्याच बेटावर, काळ्याभोर डोळ्यांनी बघत बसलेली!

तिचं विस्डम हे नाव नंतर पडलं, आणि पायात लांबून वाचता येईल अशी लाल कडी आली, क्रमांक झेड ३३३. २०११ मध्ये जपानच्या भूकंपानंतर आलेली त्सुनामी मिडवेवरून गेली, त्यात लाखाच्या वर पिल्लं वाहून गेली. विस्डम आणि तिचं पिल्लू दोघंही वाचले. रॉबिन्स २०१७ मध्ये ९८ व्या वर्षी वारले. तिचा आधीचा जोडीदार काही वर्षं परत दिसला नाही, तेव्हा २०२४ मध्ये ती नव्या जोडीदाराबरोबर दिसली. वय किमान ७४, आणि नोव्हेंबरअखेर तिने अंडं घातलं! २०२५ च्या सुरुवातीला त्यातून पिल्लूही बाहेर आलं. तिला झालेली आणि उडून गेलेली पिल्लं तीसपर्यंत असावीत असा अंदाज आहे.

असाच एक जोड-फोटो स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचा आहे. जॉर्ज डनेट या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये फुलमार नावाचा समुद्रपक्षी हातात धरून फोटो काढला आणि १९८६ मध्ये तोच पक्षी धरून पुन्हा. पहिल्यात तरुण माणूस आणि पक्षी. दुसऱ्यात म्हातारा माणूस आणि पक्षी. पक्ष्यात काडीचा फरक नाही.

हे जमतं कसं, हा खरा डोकं खाणारा प्रश्न. कारण पक्ष्यांचं शरीर बघितलं तर ते लवकर मरायला हवेत. अंगाचा ताप कायम ४० अंशांच्या वर, हृदय सुसाट, रक्तातली साखर २०० च्या वर. आपला असा रिपोर्ट आला तर घरचे लगेच डॉक्टरकडे पळवतील आणि मोदक बंद होतील. तरीही उंदीर-घुशीएवढ्या वजनाचं कबुतर ३५ वर्षांपर्यंत जगू शकतं, आणि उंदराच्या जातीतली घरात सांभाळलेली घूस चारेक वर्षांत म्हातारी होऊन मरते. एवढासा गुंजनपक्षी, हमिंगबर्ड, मिनिटाला शेकडो ठोके मारणारा, त्याची कोलोरॅडोत कडी घातलेली एक मादी १२ वर्षांची सापडली आहे.

याचं एक स्पष्टीकरण पेशींमधलं आहे. पक्ष्यांच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार होताना अपायकारक धूर, म्हणजे मुक्त ऑक्सिजन-कण, तुलनेने कमी निघतो. इंजिन जोरात चालतं, पण काजळी कमी धरते. मला पटतं ते दुसरं, उत्क्रांतीचं कारण. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये ते नीट मांडलं. जो प्राणी बहुधा चौथ्या महिन्यात मांजराच्या तोंडी जाणार, त्याचं शरीर विसाव्या वर्षापर्यंत टिकाऊ असून उपयोग काय? निसर्ग त्या टिकाऊपणावर खर्च करत नाही, त्याऐवजी भराभर पिल्लं काढायला लावतो. पण जो उडून जाऊ शकतो, शत्रू नसलेल्या बेटावर घरटं करतो, त्याला पन्नासाव्या वर्षीही जिवंत असण्याची आशा असते, आणि मग दुरुस्ती-देखभालीवरचा खर्च वसूल होतो. (बँकवाल्याला हे चटकन कळतं.) वटवाघूळही उडतं, आणि तेही त्याच्या आकाराच्या मानाने भरपूर जगतं. आजीचा राघू अर्थातच या सिद्धान्ताच्या मांजराच्या बाजूला निघाला.

या दीर्घायुष्याची किंमतही आहे, आणि ती आपल्याकडे गिधाडांनी मोजली. वर्षाला एकच अंडं, पहिली चार-पाच वर्षं तेही नाही. मोठे पक्षी वर्षानुवर्षं जगले तरच हा हिशेब जुळतो. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने तेच मोठे पक्षी मेले. ते औषध अंगात असलेलं मेलेलं ढोर खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या हजारात एक उरली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. चिमण्या असत्या तर चार हंगामांत भरून निघाल्या असत्या. रामायणातला जटायू रावणाला आपलं वय साठ हजार वर्षं सांगतो. इगतपुरीजवळच्या टाकेदला तो पडला अशी श्रद्धा आहे. गिधाड म्हातारं असतं हे ज्याने कोणी प्रथम लिहिलं, त्याचं निरीक्षण चांगलं होतं, शून्यं जरा जास्त पडली एवढंच.

तर तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: पिंजऱ्यात ८० च्या पुढे गेलेले काकाकुवा, रोहित आणि कोंडोर आहेत. मोकळ्या आकाशात, कडीच्या पुराव्यासह, विस्डम.

आणि एक काम सांगतो. ठाण्याच्या खाडीवर रोहित बघायला गेलात तर नुसते उडणारे थवे टिपू नका, पाय बघा. बीएनएचएसने तिथल्या काही रोहितांना कड्या आणि उपग्रहाशी जोडलेली यंत्रंही लावली आहेत. कुठेही कडी असलेला पक्षी दिसला, जिवंत किंवा मेलेला, तर कडीचा फोटो काढा, क्रमांक, जागा आणि तारीख टिपून घ्या आणि सोसायटीला कळवा. जिवंत असेल तर धरायला जाऊ नका. मला इतक्या वर्षांत एकदाच एका चिखल्या पक्ष्याच्या पायात कडी दिसली. दुर्बिणीतून शेवटचे दोन आकडे वाचता वाचता भरती आली, आणि तो उडाला.